गोदावरी जलवाटप करार आणि पैठण-पोचमपाड पट्टा : एक चिकित्सा

आंतरराज्य नद्यांबाबतच्या सहकार्याची चर्चा निघाली की गोदावरीचे उदाहरण बहुधा गौरवाने दिले जाते. न्यायमूर्ती आर. एस. बच्चावत यांच्या अध्यक्षतेखाली १९६९ मध्ये नेमलेल्या लवादाने १९८० मध्ये अंतिम निवाडा दिला. तो मुख्यतः संबंधित राज्यांनी आपसांत केलेल्या करारांवरच उभा आहे. कावेरीच्या वाट्याला आलेला कडवटपणा येथे टळला, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. तथापि या करारांनी नेमके काय वाटून घेतले, हे गंगाखेडसारख्या गावी बसून तपासले असता चित्र वेगळे दिसते.

६ ऑक्टोबर १९७५ रोजी महाराष्ट्र व आंध्र प्रदेश यांच्यात झालेल्या करारानुसार, गोदावरीवर पैठणपर्यंतचे आणि पूर्णा नदीवर सिद्धेश्वरपर्यंतचे सर्व पाणी महाराष्ट्राने वापरावे. त्याखाली, मांजरेवरील निजामसागरच्या खालचे क्षेत्र धरून, पोचमपाडपर्यंत नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसीची मर्यादा आहे. गंगाखेड नेमके याच पट्ट्यात येते. मर्यादा ठरली, परंतु पैठणहून खाली किती पाणी वाहते राहिले पाहिजे, याबद्दल करार मौन बाळगतो. नाशिक-नगरच्या धरणांनी वरचे सर्व पाणी अडवले तरी कराराचा भंग होत नाही! म्हणजे खालच्या पट्ट्याला कमाल वापराचे बंधन आहे, किमान प्रवाहाची हमी मात्र नाही. ढालेगाव, मुदगल, दिग्रस असे बंधारे बांधून प्रवाहाची ही उणीव साठ्याने भरून काढण्याचा मार्ग आपण पत्करला. बंधाऱ्यांमुळे उभ्या पिकांना पाणी मिळाले, हे खरेच. पण वाहते पात्र, वाळू, जलचर आणि भूजलाचे पुनर्भरण या बाबींना टीएमसीच्या हिशेबात रकानाच नाही.

या हिशेबी दृष्टीची कसोटी नांदेड जिल्ह्यातील बाभळी येथे लागली. २.७४ टीएमसी क्षमतेचा हा बंधारा पोचमपाडच्या, म्हणजे श्रीरामसागरच्या, जलाशय-विस्तारातच येतो, म्हणून आंध्र प्रदेशाने २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. जुलै २०१० मध्ये बाभळीकडे निघालेल्या चंद्राबाबू नायडूंना धर्माबाद येथे अटक झाली. त्या दिवसांत सहकार्य हा शब्द दोन्ही बाजूंनी कोणी उच्चारलाही नसेल. २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालाने बंधाऱ्यास मान्यता दिली. त्यासोबत १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवावेत, १ मार्च रोजी ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावे आणि केंद्रीय जल आयोगाच्या प्रतिनिधीच्या अध्यक्षतेखाली त्रिसदस्यीय समितीने देखरेख करावी, अशा अटी घातल्या.

वाद मिटविण्याच्या दृष्टीने हा निकाल संयमी आहे. नदीव्यवस्थापनाच्या दृष्टीने तो अपुरा ठरतो. पाऊस पंचांग पाहून पडत नाही. ऑक्टोबर अखेरीस मराठवाड्यातील पूर ओसरलेला असतो. श्रीरामसागर सप्टेंबरमध्येच भरून वाहू लागले, तरी बाभळीचे दरवाजे उघडेच राहणार आणि अडवता येण्याजोगे पाणी निघून जाणार. अवर्षणाच्या सालीही तारीख तीच. येथे एक तुलना उद्बोधक आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ च्या आदेशात वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याचा निर्णय १५ ऑक्टोबरच्या प्रत्यक्ष साठ्याशी जोडला आणि ६५ टक्क्यांचा निकष ठेवला. तारीख तेथेही आहे, पण निर्णय मोजलेल्या पाण्यावर होतो. दोन जिल्ह्यांच्या भांडणातून आलेले हे तत्त्व दोन राज्यांच्या करारात का येऊ नये? अर्थात हे सूत्रही पैठणला येऊन थांबते. गंगाखेडपर्यंत ते पोहोचत नाही.

२३ ऑगस्ट २०१६ रोजी महाराष्ट्र व तेलंगणा यांनी मुंबईत मेडीगड्डा व अन्य प्रकल्पांसाठी करार केले. भाषा मैत्रीची होती. तिचा विषय मात्र धरणाची उंची आणि बुडीत क्षेत्र हाच राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मेडीगड्ड्याचे खांब खचले तेव्हा पलीकडच्या काठावर महाराष्ट्राचा सिरोंचा तालुका होता, याची आठवण चर्चेत अभावानेच आली. युरोपातील डॅन्यूबकाठच्या देशांनी १९९४ च्या करारात पाण्याच्या गुणवत्तेची संयुक्त देखरेख स्वीकारली. एका संघराज्यातील राज्यांना ते अवघड का वाटावे, हे अनाकलनीय आहे.

२०१४ च्या आंध्र प्रदेश पुनर्रचना कायद्याने निर्माण झालेले गोदावरी नदी व्यवस्थापन मंडळ आंध्र व तेलंगणापुरते आहे; नदीचा उगम ज्या राज्यात, ते महाराष्ट्र त्यात नाही. १९५६ च्या नदी मंडळ कायद्यान्वये तर आजवर एकही मंडळ स्थापन झालेले नाही. त्या कायद्याखाली गोदावरीसाठी मंडळ नेमले, तर त्याचे पहिले काम साधे असावे. पैठण ते पोचमपाड दरम्यानच्या प्रत्येक साठ्याची रोजची नोंद एका ठिकाणी व्हावी आणि ती दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांना व काठावरच्या ग्रामपंचायतींना उपलब्ध असावी. बाभळीचे दरवाजे केव्हा टाकायचे, हे श्रीरामसागरच्या त्या दिवशीच्या पातळीवरून ठरवावे. त्यासाठी न्यायालयीन अटींमध्ये उभय राज्यांच्या संमतीने दुरुस्ती मागावी लागेल. तशी संयुक्त मागणी करण्यास दोन्ही राज्यांना कोणी अडवलेले नाही.