‘आलं’ म्हणजे नक्की काय?

तुमच्या संशोधन-आराखड्यात ‘भारतात इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी आलं’ असं वाक्य असेल तर जरा थांबा. त्या दिवशी व्हीएसएनएलने सेवा सर्वसामान्यांसाठी खुली केली, इतकंच. अर्नेट प्रकल्पामुळे जुहूचं एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात ऐंशीच्या दशकातच ईमेलची ये-जा होती, साध्या टेलिफोन लाइनवरून. यूयूसीपीमध्ये पत्रं आधी डिस्कवर रांगेत साठायची. मग मोडेम फोन लावायचा, साठलेलं एकदम पाठवायचा आणि फोन ठेवायचा. पुढचं मशीनही तेच करायचं.

कायम जोडणी नाही, म्हणून हे इंटरनेट नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. पण मग काय सुरू झालं आणि कोणासाठी, तेही लिहा. नाहीतर ग्राहक मोजता मोजता जाळं विणणारेच इतिहासातून गळतात.