ट्यूब कॅमेऱ्याची प्रतिमा : दोष, निवड आणि आस्वाद

प्रस्तावना :

मराठी दूरचित्रवाणीविषयी आपल्याकडे जे लेखन झाले आहे, त्यात संहिता, अभिनय आणि विषय यांची चर्चा पुष्कळ आढळते. प्रतिमा ज्या यंत्रातून साकार झाली, त्या यंत्राची चर्चा मात्र तंत्रज्ञांवर सोपवून समीक्षक मोकळे झाले आहेत. कवितेच्या समीक्षेत वृत्ताचा विचार टाळता येत नाही. मग चित्रफितीच्या समीक्षेत कॅमेऱ्याचा विचार का टाळावा, हा प्रश्न प्रस्तुत लेखामागे आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पहिली दहा वर्षे चित्र कृष्णधवल होते. १९८२ साली, दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी, दूरदर्शनवर रंग आला. या काळात, आणि त्यानंतरही काही वर्षे, व्हिडिओवर चित्रित झालेला जवळजवळ प्रत्येक चेहरा काचेच्या निर्वात नळीतून गेलेला आहे. व्यावसायिक कॅमेऱ्यांत सीसीडी ही चिप १९८०च्या दशकाच्या मध्यापासून येऊ लागली आणि पुढील दहा-बारा वर्षांत नळी मागे पडली.

लेखाचे निमित्त स्थानिक आहे. उंब्रजच्या बाजारपेठेत एके काळी लग्ने, सभा आणि यात्रा यांचे चित्रण करून देणाऱ्या एका वयस्कर छायाचित्रकारांकडे तीन नळ्यांचा एक सोनी डीएक्ससी-एम३ कॅमेरा आणि काही फिती कपाटात पडून होत्या. त्यांनी त्या विश्वासाने पाहावयास दिल्या. त्यांतील एका सभेची आणि पालच्या खंडोबाच्या यात्रेची फीत पदवी वर्गाच्या विद्यार्थ्यांना दाखविली असता एकमुखाने अभिप्राय आला : शूटिंग खराब आहे. सभेतील वृद्धांच्या पांढऱ्या टोप्या दिव्यासारख्या पेटलेल्या दिसतात, यात्रेतील दिवटीमागे तांबूस शेपटी ओढली जाते, माणूस चौकटीतून निघून गेला तरी क्षणभर त्याची सावली मागे रेंगाळते. विद्यार्थ्यांनी पाहिले ते खरे होते. त्यांनी त्याला दिलेले नाव तपासून पाहिले पाहिजे.

नळीचे कार्य :

भिंगातून आलेला प्रकाश लोलकाने लाल, हिरवा आणि निळा असा विभागला जातो व तीन स्वतंत्र नळ्यांवर पडतो. प्रत्येक नळीच्या तोंडाशी प्रकाशाला प्रतिसाद देणारा एक पातळ थर असतो. व्हिडिकॉन, प्लम्बिकॉन, सॅटिकॉन ही नावे प्रामुख्याने या थराच्या द्रव्यावरून वेगळी पडतात. फिलिप्स कंपनीच्या प्लम्बिकॉनमध्ये तो लेड ऑक्साइडचा असतो आणि शिशाच्या लॅटिन नावावरूनच नळीचे नाव पडले. प्रकाश जेथे पडेल तेथे या थरावर विद्युतभाराचे चित्र उमटते. मागून येणारा इलेक्ट्रॉनांचा झोत ते चित्र ओळीओळीने वाचतो आणि वाचता वाचताच पुसतो. आपल्या पद्धतीत एका चित्राच्या ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रे, तीही विषम आणि सम ओळींच्या ५० अर्ध्या फेऱ्यांत.

सारे मर्म या पुसण्यात आहे. झोताची शक्ती मर्यादित असते. एखादा बिंदू फारच तेजस्वी असला, तर एका फेरीत त्याचा भार पुसला जात नाही. उरलेला भार पुढच्या फेरीत, त्याच्या पुढच्या फेरीत दिसत राहतो. वस्तू हलती असेल तर धूमकेतूसारखी शेपटी तयार होते. तिन्ही नळ्यांतील भार एकाच गतीने ओसरत नाही, म्हणून शेपटीला रंग चढतो. याच्या उलट टोकाला, प्रकाश फार मंद असला तरीही झोत थरावर नीट उतरत नाही आणि प्रतिमा रेंगाळते. हे रेंगाळणे कमी व्हावे म्हणून अनेक कॅमेऱ्यांत नळीवर सतत एक अंधूक प्रकाश सोडून ठेवलेला असे. अंधार नीट दिसावा म्हणून थोडा उजेड आतच पेरून ठेवण्याची ही युक्ती मला आजही विलक्षण वाटते.

टोपी आणि चेहरा :

आता सभेच्या फितीकडे वळता येईल. दुपारचे ऊन, समोर बसलेले शेतकरी, रापलेले चेहरे आणि डोक्यावर पांढऱ्या टोप्या. आपल्या भागातील हे नित्याचे दृश्य ट्यूब कॅमेऱ्यासाठी मात्र अत्यंत अवघड होते. अत्यंत उजळ आणि अत्यंत गडद या दोन टोकांतील जे अंतर डोळा सहज पेलतो, त्याचा लहानसा भागच नळी पेलू शकते. भिंगाचे छिद्र आपोआप जुळविणारी यंत्रणा चालू ठेवली, तर ती पांढऱ्याला घाबरून छिद्र लहान करते. टोपी स्वच्छ येते आणि खालचा चेहरा काळा पडतो. छिद्र हाताने मोठे केले तर चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, डोळे, ओठांची हालचाल सारे दिसते, पण टोपी जळते आणि मान हलताच तिची शेपटी ओढली जाते. सदर छायाचित्रकारांनी हे आपल्या शब्दांत सांगितले : टोपी आणि माणूस यांपैकी एकच सांभाळता येई, आणि गिऱ्हाईक तर दोन्ही मागत असे.

या फितीत ठिकठिकाणी टोप्या जळाल्या आहेत. व्यासपीठावरील वक्त्याच्या चित्रणात त्या जळालेल्या नाहीत; तेथे टोपीची घडीसुद्धा दिसते आणि चेहरा गडद आहे. कॅमेरा श्रोत्यांकडे वळला की छिद्र मोठे होते. हा अपघात एकदा घडला असता तर सोडून देता आला असता, परंतु सुमारे चाळीस मिनिटांच्या फितीत तो दर वळणावर घडतो. छिद्र हाताने फिरविल्याची किंचित धक्क्याची खूणही दिसते. ऐकणाऱ्यांचे चेहरे दिसावेत म्हणून चित्र बिघडू देण्याचा हा निर्णय आहे आणि तो मला योग्य वाटतो. ज्याला ‘खराब’ म्हटले गेले, त्यात या फितीतील सर्वांत मोठे कसब आहे. पुढील काळातील सुबक आणि समतोल चित्रणात अशी निवड क्वचितच उघडी पडते.

स्टुडिओतील चित्रण हा याच प्रश्नाचा दुसरा पैलू होय. तीन नळ्यांच्या कॅमेऱ्याची संवेदनक्षमता त्या काळी सामान्यतः २००० लक्स प्रकाशाच्या मानाने सांगितली जाई. रात्री घरात आपण याच्या दशांशाहूनही कमी उजेडात वावरतो. एवढ्या दिव्यांखाली, चाकांवरच्या जड कॅमेऱ्यांसमोर, शुद्ध पांढरे कपडे टाळून नट वा पाहुणे उभे राहत. ‘चिमणराव’ किंवा ‘गजरा’ यांसारख्या कार्यक्रमांच्या दृश्यरूपाला ‘नाटकी’ म्हणण्याची रीत आहे. त्यातील किती भाग दिग्दर्शनाचा आणि किती त्या प्रखर सपाट उजेडाचा, हे वेगळे न करता केलेला शेरा समीक्षेच्या पातळीवर टिकत नाही. ‘आमची माती आमची माणसं’ या कार्यक्रमात शेतकरी स्टुडिओत अवघडून बसलेला दिसे. त्याच्या अवघडण्याला दिव्यांची उष्णताही कारण असावी, असे मी म्हणेन. सगळे खापर मुलाखतकारावर फोडू नये.

पालची यात्रा :

उंब्रजपासून जवळच, तारळी नदीच्या काठी पाल आहे. तेथे पौषात खंडोबा-म्हाळसेचा विवाह होतो आणि भंडाऱ्याने सारा आसमंत पिवळा होतो. फितीतील हा भाग मावळतीचा आहे. उधळलेला भंडारा हवेत असतानाच प्रकाश ओसरत जातो आणि नळी रेंगाळू लागते. त्यामुळे एक मूठ उधळली जाते तेव्हा मागच्या मुठीचा पिवळा रंग चौकटीत अजून शिल्लक असतो. दिवट्यांच्या शेपट्या त्यातून फिरतात. लेड ऑक्साइडची नळी गडद लाल रंगाला मुळात कमी दाद देते, म्हणून तशा कॅमेऱ्यांत लाल बाजूसाठी खास नळी वापरावी लागे. या कॅमेऱ्यातील सॅटिकॉनचा थर निराळा आहे. तिन्ही नळ्यांची चित्रे एकमेकांवर तंतोतंत बसविण्याच्या जुळणीला रजिस्ट्रेशन म्हणतात. ती येथे थोडी ढळलेली आहे, त्यामुळे माणसांच्या कडेला तांबडी-निळी किनार आली आहे. ही किनार मात्र निव्वळ चूक आहे. गर्दीत कॅमेरा हेलकावला, जुळणी तपासायला सवड मिळाली नाही. ट्यूब कॅमेऱ्याच्या प्रेमात पडलेले काही जण किनारीलाही सौंदर्य म्हणतात. तेथवर जाण्याची माझी तयारी नाही.

हा भेद ठेवणे आवश्यक आहे, कारण अलीकडे जुन्या व्हिडिओचे रूप हवे तेव्हा लावता येते. भ्रमणध्वनीवरील अशा अनेक नकलांमध्ये धूमकेतूची शेपटी आणि दिव्यातून वर-खाली जाणारी उभी रेघ एकाच चित्रात दिसतात. उभी रेघ सीसीडी चिपचा दोष आहे, नळीचा नव्हे. म्हणजे जे दोन दोष एका कॅमेऱ्यात कधी एकत्र नांदले नाहीत, ते येथे शेजारी बसविले जातात. कारण माहीत नसलेला परिणाम लवकर कंटाळवाणा होतो.

याच्या विरुद्ध उदाहरण चिलीचे दिग्दर्शक पाब्लो लारैन यांच्या ‘नो’ (२०१२) या चित्रपटाचे आहे. १९८८च्या सार्वमतातील दूरचित्रवाणी प्रचारावरील हा चित्रपट त्यांनी त्या काळच्या इकेगामी ट्यूब कॅमेऱ्यांनी यू-मॅटिक फितीवर चित्रित केला. परिणामी खऱ्या प्रचारचित्रफिती आणि नव्याने रचलेली दृश्ये यांतील सांधा जवळजवळ दिसत नाही. खिडकीतील उजेड पात्रांच्या खांद्यावर सांडतो आणि प्रेक्षकाला त्या उजेडाविषयी सावध राहावे लागते. जाहिरातीची चमक आणि इतिहासाची चमक एकाच नळीतून येते. अमेरिकेतील अँड्र्यू बुजाल्स्की यांनी ‘कॉम्प्युटर चेस’ (२०१३) मध्ये कृष्णधवल ट्यूब कॅमेरा वापरला. तेथे तो विषयाला शोभतो, परंतु थोडा विनोदासाठीही वापरला गेला आहे, असे माझे मत आहे.

प्रत्यक्ष वापर :

कपाटातील कॅमेरा चालू होईल, अशी अपेक्षा नव्हती. विद्युतपुरवठ्याचा भाग दुरुस्त करून घेतल्यावर तो चालू झाला. चित्र लगेच येत नाही. नळी तापावी लागते आणि करड्या धुक्यातून दृश्य हळूहळू वर येते. मालकांनी दोन ताकीदी दिल्या : सूर्याकडे वळवायचा नाही, आणि भिंग खाली करून उचलायचा नाही. पहिलीचे कारण उघड आहे, तेजाचा डाग थरावर कायमचा बसतो. दुसरीचे कारण असे की, नळीतील सुटे कण थरावर पडून चित्रात ठिपके येऊ शकतात. या दोन ताकिदींनी हात आपोआप सावकाश होतो. कृष्णा-तारळी संगमाजवळ सायंकाळी चित्रण करताना कॅमेरा झटकन फिरविला की सारे दृश्य विरघळते, हे एकदा पाहिल्यावर विद्यार्थी स्वतःहून थांबून, चौकट ठरवून चित्रण करू लागले. त्या काळातील चित्रणाच्या संथपणाविषयी वर्गात जे सांगून पटले नव्हते, ते येथे अर्ध्या तासात पटले.

पाहण्याचाही प्रश्न आहे. सपाट पडद्यावर ही प्रतिमा दातेरी दिसते, कारण विषम आणि सम ओळी त्यावर एकदम मांडल्या जातात. जुन्या पिक्चर ट्यूबच्या संचावर तीच फीत लावली तेव्हा टोप्यांची धग निम्म्याने उतरली. ज्यांनी ती चित्रित केली, त्यांनी असाच संच समोर ठेवला होता.

आता या फिती संगणकावर घेतल्या जात आहेत. एका प्रयोगशाळेने प्रत परत दिली तेव्हा ती ‘सुधारलेली’ होती : शेपट्या पुसलेल्या, भंडारा स्वच्छ, आणि श्रोत्यांचे चेहरे गुळगुळीत. टोप्या पांढऱ्या झाल्या होत्या; ज्यासाठी टोप्या जळू दिल्या, त्या सुरकुत्याही गेल्या होत्या. ती प्रत बाजूला ठेवून मूळ फितीवरून कोणतीही दुरुस्ती न करता पुन्हा प्रत करून घेतली. प्रत्येक फितीसोबत आता कॅमेरा, नळीचा प्रकार, फितीचा प्रकार आणि छिद्र हाताने की आपोआप, एवढी नोंद विद्यार्थी करतात. छायाचित्रकारांना यात्रेचे वर्ष नक्की आठवत नाही. त्या रकान्यात तूर्त शेपटीचा आणि नळीचा उल्लेख करून चिपपूर्व काळ एवढेच लिहिले आहे. तीन फिती अद्याप राहिल्या आहेत. त्या यू-मॅटिकच्या आहेत आणि चालता डेक मिळत नाही.