दोघांची नाव, एकाची लेखणी

निवृत्ती म्हणजे केवळ विसावा, ही समजूत टेरी डार्लिंग्टन यांचे 'नॅरो डॉग टू इंडियन रिव्हर' (२००८) हे इंग्रजी प्रवासवर्णन मोडून काढते. इंग्लंडमधील स्टोन गावचे निवृत्त टेरी व त्यांच्या पत्नी मोनिका आपली 'फिलिस मे' ही अरुंद, सपाट तळाची नौका अमेरिकेत नेतात आणि व्हर्जिनियापासून फ्लोरिडापर्यंत किनाऱ्यालगतच्या जलमार्गाने प्रवास करतात. सोबतीला जिम, शीर्षकातला सडपातळ कुत्रा तो हाच. मार्ग हजार मैलांहून अधिक, वेग मात्र सायकलस्वाराहूनही कमी.

शांत कालव्यांसाठी बांधलेली नौका आल्बेमार्ल, पाम्लिकोसारख्या विस्तीर्ण खाड्यांत घालणे म्हणजे जिवाशी खेळ. लेखक ही भीती विनोदात गुंडाळतात. तो विनोद आम्हांला मनापासून भावला. वार्धक्याची कीव करण्यास तो जागाच ठेवत नाही.

तरीही एक उणीव सलते. नौका दोघांची, संकट दोघांचे; निवेदन मात्र एकट्या टेरींचे. मोनिका यांचे भय आणि त्यांचे धैर्य आपल्यापर्यंत पोहोचते ते पतीच्या थट्टेतून गाळूनच. या वयात असे धाडस त्यांनी का पत्करले, हे त्यांच्याच शब्दांत ऐकावेसे वाटत राहते. विवाहासाठी होकार दोघांचाही लागतो. सहजीवनाच्या उत्तरार्धाची कथा सांगतानाही दुसरा आवाज इतका क्षीण होऊ नये.

एवढे वगळता, घरातल्या थोरामोठ्यांनी मिळून वाचावे असे हे प्रसन्न पुस्तक आहे.