चाकांवरचे संग्रहालय आणि उंबऱ्याबाहेरचा प्रेक्षक : जालना जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

बीजसंज्ञा : फिरते संग्रहालय, कलाशिक्षण, भोकरदन, चित्रकथी, हंगामी स्थलांतर

प्रस्तावना :
कलासंग्रहालय सर्वांसाठी खुले असते, हे विधान तत्त्वतः खरे असले तरी व्यवहारात ते अंतर, खर्च, वय आणि शारीरिक क्षमता यांच्या अटींनी बांधलेले आहे. जालना शहरापासून मुंबई रेल्वेने चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्यात आठ तालुके असून 2011 च्या जनगणनेनुसार येथील पाचांपैकी सुमारे चार माणसे खेड्यांत राहतात. मंठा किंवा जाफ्राबादच्या विद्यार्थ्याला मुंबईचे दालन पाहायचे तर प्रवास, मुक्काम आणि पालकांच्या बुडालेल्या मजुरीचा हिशेब आधी मांडावा लागतो. म्हणूनच संग्रहालयाने स्वतः प्रेक्षकाकडे जाण्याची कल्पना महत्त्वाची ठरते. या कल्पनेचे यश कशाने मोजावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

फिरत्या संग्रहालयाची परंपरा :
अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याच्या ललितकला संग्रहालयाने 1953 मध्ये मूळ कलाकृती घेऊन फिरणारे वाहन सुरू केले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात कलावस्तू गावोगावी पाठविणारा स्वतंत्र विभाग होता. खर्चकपातीत तो 1977 मध्ये बंद पडला. पॅरिसच्या पाँपिदू केंद्राचे फिरते दालन 2011 ते 2013 एवढाच काळ टिकले. भारतात कोलकात्याच्या बिर्ला संग्रहालयाने 1965 पासून फिरती विज्ञान प्रदर्शने सुरू केली. महाराष्ट्रात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने 2015 मध्ये ‘म्युझियम ऑन व्हील्स’ हा उपक्रम हाती घेतला. वातानुकूलित बसमध्ये मांडलेले प्रदर्शन शाळांच्या आणि गावांच्या दारी नेण्याचा हा प्रयत्न स्वागतार्ह आहे. भव्य घुमटाच्या इमारतीत शिरताना ग्रामीण माणसाच्या मनात जो संकोच दाटतो, तो शाळेच्या पटांगणात उभ्या राहिलेल्या बसपुढे बऱ्याच अंशी गळून पडतो. हे या प्रकारच्या उपक्रमांचे निर्विवाद श्रेय होय.

तथापि, विदेशी उदाहरणांतून एक बोधही मिळतो. असे उपक्रम सुरू करण्यापेक्षा टिकविणे कठीण असते. पुरस्कर्त्याचा निधी किंवा संस्थेचे धोरण बदलले की सर्वांत आधी कात्री लागते ती बाहेरच्या प्रेक्षकाच्या वाट्याला.

वेळापत्रकाचा प्रश्न :
फिरत्या प्रदर्शनाच्या अहवालात बहुधा किलोमीटर आणि प्रेक्षकसंख्या यांचे आकडे अग्रभागी असतात. कोण आले हे त्यातून कळते. कोण येऊ शकले नाही हे कळत नाही. पावसाळ्यात खेड्यांतील रस्ते अवघड होतात आणि उन्हाळ्यात शाळांना सुट्टी असते. त्यामुळे वाहनाला सोयीचा काळ हिवाळ्याचा. नेमक्या याच काळात, ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, जालना जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात आणि पुष्कळदा मुलेही त्यांच्यासोबत फडावर जातात. म्हणजे बस गावात येते तेव्हा ज्याला तिची सर्वाधिक गरज, तोच विद्यार्थी गावात नसतो. जो शाळेत आहे त्याच्यापर्यंतच पोहोचणारे संग्रहालय अंतराचा अडथळा दूर करते; परंतु वंचिततेचा अडथळा तसाच राहतो. हंगामी वसतिगृहे व साखर कारखान्यांचे तळ प्रवासमार्गात आल्याशिवाय ही उणीव भरून निघणार नाही.

हेच वृद्ध आणि दिव्यांग प्रेक्षकांबाबत म्हणता येईल. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात 2015 मध्ये स्पर्शाने अनुभवता येणाऱ्या प्रतिकृतींचे दालन उघडले. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा 2016 मध्ये झाला आणि आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने 2022 च्या प्राग येथील अधिवेशनात स्वीकारलेल्या व्याख्येत सुगमता व समावेशकता यांना स्थान मिळाले. काचेआडची वस्तू आणि डोळ्यांनी वाचायचे फलक एवढ्यावरच थांबणारे प्रदर्शन बसमध्ये असो वा इमारतीत, या व्याख्येस उतरत नाही.

देणारा कोण, घेणारा कोण?
याहून मूलभूत प्रश्न दृष्टिकोनाचा आहे. शहराकडे कला आहे आणि खेड्याकडे तिचा अभाव आहे, असे गृहीतक अशा उपक्रमांमागे नकळत असते. जालना जिल्हा हे गृहीतक खोटे ठरवितो. केळना नदीकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. भारहूत आणि सांची येथील दानलेखांत या नगरीच्या रहिवाशांचे उल्लेख आहेत. नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी 1973 मध्ये येथे उत्खनन केले, तेव्हा हस्तिदंती स्त्रीप्रतिमेचा अवशेष सापडला. इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरात 1938 साली मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी त्याचे साम्य आहे. ती मूर्ती भोकरदनलाच घडली असावी, असेही मत मांडले गेले आहे. तिच्यावरील खरोष्ठी अक्षरामुळे वायव्य भारताचा पक्षही पुढे येतो. वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते : नेपल्सच्या संग्रहालयातील प्रेक्षक ज्या शिल्पपरंपरेपुढे थबकतो, तिचा धागा भोकरदनच्या मातीत आहे, आणि भोकरदनच्या मुलाला मात्र कला म्हणजे दुरून येणारी वस्तू वाटते.

चित्राने प्रेक्षकाकडे जाणे हेही या भूमीला नवे नाही. शेजारच्या पैठणच्या नावाने ओळखली जाणारी चित्रकथी परंपरा म्हणजे कागदावरील रामायण-महाभारताची चित्रे दाखवीत, कथा सांगत फिरणाऱ्या कलावंतांचीच परंपरा. पैठण शैलीची अशी चित्रे आज पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहावी लागतात. जी कला मुळात फिरती होती ती दालनात स्थिर झाली, आणि दालन आता चाकांवर बसून परत निघाले आहे. फरक इतकाच की चित्रकथीचा प्रेक्षक कथा जाणत होता आणि कथेकऱ्याला हटकू शकत होता. बसमधील प्रेक्षकाला मात्र रांगेत पुढे सरकावे लागते.

समारोप :
फिरत्या संग्रहालयाचे मूल्यमापन केवळ त्याच्या भेटींवरून करणे अपुरे आहे. बस निघून गेल्यावर मागे काय उरले, हीच खरी कसोटी होय. येथे महाविद्यालयांची जबाबदारी सुरू होते. इतिहास व मराठी विभागांनी प्रदर्शनापूर्वी गावातील मूर्ती, वीरगळ, जुनी भांडी यांच्या नोंदी विद्यार्थ्यांकडून करून घ्याव्यात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या निवासी शिबिरांशी प्रदर्शनाची सांगड घालावी. आणि भोकरदनच्या अवशेषांच्या हाताळता येतील अशा प्रतिकृती तालुक्याच्या ठिकाणी कायम राहतील यासाठी विद्यापीठांकडे पाठपुरावा करावा. शहरातून आलेल्या वस्तूशेजारी गावातली वस्तू मांडली गेली, तरच प्रेक्षक घेणाराही होईल आणि देणाराही. तोपर्यंत चाके कितीही फिरली तरी कला आणि माणूस यांच्यातले अंतर पुरतेपणी कमी झाले असे म्हणता येणार नाही.