खिडकीपाशी ओतलेलं पाणी

सन १८४६, शरद ऋतू. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्की गावातून काही जिवंत प्रवाळ लंडनला न्यायचे आहेत. टॉर्कीला रेल्वे यायला अजून दोन वर्षं आहेत. दगडी बरणीत समुद्राचं पाणी भरलं आहे, पण इतक्या लांबच्या प्रवासात हे नाजूक जीव तळाशी आपटत राहणार. अॅना थिन यांनी एक मोठा स्पंज घेतला आणि सुई-दोऱ्याने प्रवाळ त्यावर टाचले. सगळ्या बाजूंनी त्यांना पाणी मिळावं, एवढाच हेतू.

ही हकीगत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. प्रवाळांच्या वाढीविषयीचा त्यांचा निबंध १८५९ मध्ये ‘अॅनल्स अँड मॅगझीन ऑफ नॅचरल हिस्टरी’ या नियतकालिकात आला. सोबत टिपा होत्या फिलिप हेन्री गॉस यांच्या, म्हणजे ज्यांच्या १८५४ सालच्या पुस्तकाने ‘अॅक्वेरियम’ हा शब्द घरोघरी नेला त्या निसर्गशास्त्रज्ञाच्या. अॅना यांचे पती वेस्टमिन्स्टर अॅबीचे सब-डीन. अॅबीच्या आवारातल्या अॅशबर्नहॅम हाउसमध्ये त्यांचं बिऱ्हाड. समुद्रापासून दूर, धुरकट लंडनच्या मध्यभागी त्यांनी प्रवाळ जगवले. घरात प्रवाळ पाळण्याचा छंद आज जगभर पसरला आहे; त्याच्या उगमाशी हा निबंध आहे.

मी तो पुन्हा वाचायला घेतला तो माझी प्रवाळांची टाकी लहान करताना. लंडनजवळच्या आमच्या घरात चारशे लिटरची टाकी मी बारा वर्षं सांभाळली. आता घर लहान झालं, पंचवीस लिटरचा कॅन उचलणं कंबरेला झेपेना, म्हणून ऐंशी लिटरवर यायचं ठरवलं. मोठं लहान करताना काय सोडायचं आणि काय सोडून चालणार नाही, हा प्रश्न समोर होता, आणि त्याच प्रश्नाच्या उजेडात निबंधातला शब्द न् शब्द मला वेगळा दिसू लागला.

पहिली थांबायची जागा अर्थातच तो सुई-दोरा. घरातल्या बाईच्या हाताला रोज सवयीची असलेली ही वस्तू. कुंची शिवणारा, बटण लावणारा हात इथे दगडासारखा सांगाडा असलेल्या जिवाला टाका घालतो. टाका घट्ट बसला तर मऊ अंग कापलं जाणार, सैल राहिला तर जीव सुटून जाणार. निबंधात या अवघडपणाविषयी अवाक्षर नाही. स्पंज, सुई, दोरा अशी नुसती नावं येतात आणि वाक्य पुढे सरकतं. पण ज्याने कधी प्रवाळाचा तुकडा हातात धरून दगडावर चिकटवला आहे, त्याची बोटं हे वाक्य वाचताना आपोआप आखडतात.

ते प्रवाळ तरी कसे? डेव्हनशायर कप कोरल म्हणून ओळखली जाणारी ही जात एकलकोंडी. खडकाला धरून एकेकटी वाढते. सांगाडा इंच-सव्वा इंचाच्या वाटीएवढा, आणि वाटीच्या आत चाकाच्या आऱ्यांसारख्या पातळ, उभ्या भिंती. जीव आत मिटला की ही चुनखडीची नक्षी तेवढी दिसते. फुलला की आऱ्यांवरून काचेसारखी पारदर्शक कातडी चढते आणि कडेने बारीक बाहूंची झालर उघडते. प्रत्येक बाहूच्या टोकाला मोहरीहून लहान पांढरं बोंड. उष्ण समुद्रातल्या बहुतेक रीफ-प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं आणि उजेडावर त्यांचं अन्न शिजवतं. या जातीत ते नाही. तिला आपलं भक्ष्य स्वतः पकडावं लागतं, आणि काचेच्या भांड्यात ठेवली तर ते कुणीतरी द्यावं लागतं.

लंडनला आल्यावर अॅना यांनी प्रवाळ काचेच्या भांड्यांत ठेवले आणि दिवसाआड पाणी बदललं. पण समुद्राच्या पाण्याचा साठा बेताचाच. मग तेच पाणी पुन्हा वापरण्याजोगं करायचं ठरलं: उघड्या खिडकीसमोर एका भांड्यातून दुसऱ्यात, पुन्हा पहिल्यात, अर्धा ते पाऊण तास ओतत राहायचं. निबंधाचा गाभा मला इथे सापडतो. ओतताना पाण्याची धार फुटते, हवा त्यात मिसळते, साचलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आज हेच काम पंप करतो आणि आपण त्याला वायुवीजन म्हणतो. त्या काळी हे काम दोन हात करत होते.

ते हात अॅना यांचे नव्हते. काम दमवणारं होतं हे त्या मोकळेपणाने सांगतात, आणि लगेच आपल्या छोट्या मोलकरणीविषयी लिहितात: तिला मालकिणीला खूश ठेवायची ओढ होती आणि या कामात तिला गंमतही वाटे. या एका वाक्यापलीकडे ती मुलगी आपल्याला भेटत नाही. तिचं नाव नाही, वय नाही. पण सगळ्या निबंधातली सर्वांत जिवंत आकृती मला तीच वाटते. दगडी इमारत, उघडी खिडकी, लंडनचा गारठा, आणि एक पोर समुद्र या हातातून त्या हातात ओतते आहे. अॅनांच्या प्रवाळांचा श्वास तिच्या दंडांवर चालला होता. मालकिणीने तिचं नाव लिहायला हवं होतं, हे मला मनापासून वाटतं. तरी तिला त्या विसरल्या नाहीत, याबद्दल ऋणही वाटतं.

१८४७ च्या वसंतात पुढचं पाऊल पडतं. अॅना समुद्रशेवाळ लागलेले दगड मागवतात, पाण्यात ठेवतात आणि भांडी उजेडात आणतात. वनस्पतींनी प्राणवायू द्यावा आणि पाणी टिकावं, ही अपेक्षा. वनस्पती आणि प्राणी यांच्या या समतोलाचं तत्त्व रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये छापून मांडलं. अॅबीच्या सावलीतल्या खिडकीत ते त्याआधीच कामाला लागलं होतं. प्रवाळ जवळजवळ तीन वर्षं जगले आणि वाढलेही.

हे लेखन शास्त्रीय आहे; त्यात विशेषणांची उधळण नाही, देवाधर्माचं प्रवचन नाही. तरी त्याचा रस कोणता असं विचारलं, तर मी वात्सल्य म्हणेन. ते भावनेच्या शब्दांत येत नाही, मोजमापांत येतं. दिवसाआड. अर्धा तास. पाऊण तास. आई बाळाच्या दुधाच्या वेळा सांगते तशा या वेळा आहेत.

माझी टाकी लहान करताना हीच मोजमापं मला शिकवत गेली. चारशे लिटरमधून दिवसाला अर्धा लिटर पाणी उडालं तर पाण्याला पत्ता लागत नाही. ऐंशी लिटरमध्ये तेवढंच उडालं की खारटपणा चढलेला मीटरवर दिसतो, कारण पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. म्हणून ती तूट आरओच्या गोड्या पाण्याने रोज भरायची. जुन्या टाकीतले दगड मी नळाखाली धुतले नाहीत. पाणी निर्मळ ठेवणारे जिवाणू त्यांच्याच छिद्रांत राहतात. तळातली जुनी वाळू मात्र सोडून दिली, कारण ती ढवळली की वर्षांचा गाळ पाण्यात उतरतो. पिवळा टँग मासा मोठी टाकी असलेल्या एका मित्राकडे दिला. त्याला पोहायला लांबी लागते. वस्तू कमी झाल्या, लिटर कमी झाले. लक्ष मात्र वाढवावं लागलं. मोठं पाणी आपल्या चुका पोटात घालतं. लहान पाण्याला तेवढं पोट नसतं. अॅना यांची भांडी तर याहूनही लहान, म्हणून तिथे दिवसाआडची शिस्त आणि खिडकीपाशी उभं राहणारं माणूस लागलं.

हलवाहलवीच्या दिवशी माझे प्रवाळ वीस लिटरच्या बादलीत होते, आणि बादलीतला छोटा पंप बंद पडला. नवीन टाकीचं पाणी अजून पंचवीस अंशांवर आलं नव्हतं. मी स्वयंपाकघरातला मग घेतला, पाणी भरलं आणि हातभर उंचीवरून पुन्हा बादलीत सोडलं. पुन्हा भरलं, पुन्हा सोडलं. पहिली पाच मिनिटं मजा वाटली. पंधराव्या मिनिटाला खांदा बोलू लागला. टाकीचा आकडा योग्य जागी आला तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती.

संध्याकाळी टाकीच्या वहीत तारीख, खारटपणा आणि तापमान लिहिलं. त्याखाली, बारा वर्षांत कधी लिहिलं नव्हतं ते लिहिलं: पाणी हाताने ओतलं, पाऊण तासाला पाच मिनिटं कमी.