दाब उतरला, पण दुखणे उतरले का?

‘शस्त्रक्रियेशिवाय मणक्यांवरील दाब कमी करा’, ‘सरकलेली गादी पुन्हा जागेवर’ अशा अर्थाच्या जाहिराती आता आपल्या शहरांतही दिसतात. फळ्यापाशी तासन् तास उभे राहून आणि उत्तरपत्रिकांवर वाकून ज्यांची कंबर व मान धरलेली असते, त्या शिक्षकांचे लक्ष तिकडे न गेले तरच नवल. शस्त्रक्रियेची भीती सर्वांनाच असते. त्यात यंत्र संगणकावर चालते, पडद्यावर आलेख उमटतो. एका बैठकीत काम भागत नाही. वीस-पंचवीस बैठका सांगितल्या जातात. म्हणजे पैसा आणि वेळ दोन्ही पणाला लागतात. अशा वेळी दाव्याची तपासणी करणे हे विज्ञान शिकवणाऱ्यांचे कामच आहे. तेच येथे करू.

दाव्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली : गादी बाहेर सरकते आणि मज्जातंतूवर दाब देते, म्हणून दुखते. दुसरी : यंत्राने कणा ओढला की गादीतील दाब उतरतो आणि सरकलेला भाग आत खेचला जातो. तिसरी : म्हणून रुग्ण बरा होतो. पायऱ्या इतक्या सरळ वाटतात, की आपण त्या न तपासता चढून जातो.

पहिल्या पायरीत तथ्य आहे. आपल्या कण्यात २३ गाद्या असतात. प्रत्येकीच्या मध्यभागी पाणीदार मऊ गर असतो आणि त्याभोवती चिवट तंतूंची कडी असतात. कडी फाटून गर बाहेर आला, तर शेजारच्या मज्जातंतूला त्रास होऊन पायात कळ जाते. मिक्स्टर व बार या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी १९३४ साली हे दाखवून दिले. मात्र सरकलेली गादी दिसली म्हणजे दुखण्याचे कारण सापडलेच असे नाही. १९९४ साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांची एमआरआय चित्रे काढण्यात आली. त्यांतील ५२ टक्के लोकांची निदान एक गादी फुगलेली निघाली. केस पांढरे व्हावेत तसेच हे पुष्कळदा वयाबरोबर होत असते. तेव्हा केवळ चित्र दाखवून कोणी घाबरवू लागला, तर हा आकडा आठवावा.

दुसरी पायरी भौतिकशास्त्राची. कणा ओढण्याची कल्पना नवी नाही. हिप्पोक्रेटिसच्या नावाने ओळखला जाणारा ओढण्याचा बाक प्रसिद्धच आहे, आणि इस्पितळात ‘वजन लावणे’ आपल्यालाही परिचित आहे. १९९४ साली ‘व्हॅक्स-डी’ नावाच्या कर्षण-मेजावरील प्रयोग प्रसिद्ध झाला. रुग्णाच्या गादीत नळी घालून दाब मोजला, तेव्हा जोराच्या ओढीखाली तो उणे १०० मिलिमीटर पाऱ्याच्याही खाली गेला. आज अनेक यंत्रांच्या जाहिरातींत पोकळीची भाषा येते, तिचे मूळ येथे आहे. येथे उणे म्हणजे वातावरणाच्या दाबापेक्षा कमी. वातावरणाचा दाब ७६० मिलिमीटर धरला, तर उरलेला दाब ६६० होतो. ही पोकळी नव्हे! शिवाय मोजणी झालेले रुग्ण एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. आणि मोजला होता तो दाब. रुग्ण बरे झाले का, हा त्या प्रयोगाचा प्रश्नच नव्हता.

दाब उतरणे आणि दुखणे जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आणखी दोन उदाहरणांवरून पटेल. १९९९ साली जर्मनीत विल्के व सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या गादीतील दाब दिवसभराच्या हालचालींत मोजला. उभे असताना तो सुमारे ०.५ मेगापास्कल होता, आडवे झाल्यावर सुमारे ०.१. नुसते अंथरुणावर पडल्याने दाब पाचपट उतरला! तरीही पडून राहणे हा कंबरदुखीवरचा इलाज ठरलेला नाही. १९९५ साली हेलसिंकीतील महापालिका कर्मचाऱ्यांच्या पाहणीत, विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा झेपेल तेवढे नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर बरे झाले. दुसरे उदाहरण अंतराळवीरांचे. अवकाशात कण्यावर शरीराचे वजन पडत नाही, त्यामुळे त्यांची उंची काही सेंटिमीटरने वाढते. पण निम्म्याहून अधिक जणांची तेथे कंबर दुखते, आणि पृथ्वीवर परतल्यावर गादी सरकण्याचा धोका उलट वाढलेला असतो.

आता तिसरी, खरी कसोटीची पायरी. १९९४च्याच यंत्राची २००१ साली ऑस्ट्रेलियात ४४ रुग्णांवर चाचणी झाली. यंत्राच्या गटात ६८ टक्के यशस्वी; त्वचेवरून विजेचे सौम्य झटके देण्याच्या गटात शून्य. आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण एका गटाला भव्य मेज आणि दुसऱ्याला छोटीशी पेटी मिळाली, तर दोघांच्या अपेक्षा सारख्या कशा राहतील? कंबरदुखीत चढउतार चालूच असतात. म्हणून एकालाही बरे वाटू नये हा शून्यही विचारात पाडतो.

यावर उपाय म्हणजे लटका उपचार. सर्वांना त्याच मेजावर झोपवायचे, तेच पट्टे बांधायचे. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना खरी ओढ द्यायची आणि उरलेल्यांना नाममात्र. नेदरलँड्समध्ये १९९५ साली १५१ रुग्णांवर साध्या कर्षणाची अशी चाचणी झाली. दोन्ही गटांत फरक आढळला नाही. त्याच देशात २००९ साली संगणकावर चालणाऱ्या नव्या यंत्राची ६० रुग्णांवर चाचणी झाली. दोन्ही गटांचे दुखणे चांगलेच कमी झाले, पण सारखेच! यंत्राची ओढ काढून टाकली तरी गुण तेवढाच येतो, तर तो ओढीचा कसा? २०१३ साली कॉक्रेन संस्थेने ३२ चाचण्या आणि २,७६२ रुग्णांचा आढावा घेऊन असाच निष्कर्ष काढला, की कर्षणाचा परिणाम नगण्य किंवा मुळीच नाही. २०१६ साली ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने कंबरदुखीसाठी कर्षण देऊ नये असा सल्ला दिला.

मानेची गोष्ट थोडी वेगळी आहे. मानेतून हातात कळ जाणाऱ्या ८६ रुग्णांच्या २०१४ सालच्या अमेरिकी चाचणीत व्यायामाला यांत्रिक कर्षणाची जोड दिल्यावर अधिक फायदा दिसला. त्यात लटका उपचार नव्हता, तरी ही बाजू नोंदवली पाहिजे. अर्थात तेथे कर्षण व्यायामाच्या जोडीला होते, त्याच्या जागी नव्हे.

मग बरे झाल्याचे सांगणारे खोटे बोलतात का? मुळीच नाही. बाहेर आलेला गर शरीरातील पेशी पुष्कळदा स्वतःच खाऊन टाकतात. दुखणे शिगेला पोचले की आपण उपचाराला जातो, आणि शिगेनंतर उतारच असतो. महिनाभराच्या बैठकांत निसर्ग आपले काम करतो आणि श्रेय यंत्राच्या खाती जमा होते.

जाहिरातींतील आणखी एक शब्द तपासू : अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाची ‘मान्यता’. ही यंत्रे तेथे ‘पूर्वीच्या कर्षण-यंत्रांसारखीच’ या निकषावर विक्रीस मोकळी झाली. म्हणजे सरकारला सांगायचे हे जुन्यासारखेच आहे, आणि रुग्णाला सांगायचे हे कर्षण नव्हेच, काही निराळे आहे!

यंत्राने फार तर पैसे जातील, असेही समजू नये. उपचारादरम्यान गादी अधिकच बाहेर आल्याची एक नोंद २००३ साली मेयो क्लिनिकच्या नियतकालिकात आली आहे. ठिसूळ हाडे, कण्यातील गाठ किंवा जंतुसंसर्ग असताना ओढ देणे घातक ठरू शकते. त्याहून मोठा धोका वेळ दवडण्याचा. पायातील शक्ती कमी होणे, जांघेच्या भागात बधिरपणा, लघवी-शौचावरील ताबा जाणे ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. कंबरदुखीबरोबर ताप किंवा अकारण वजन घटणे असेल, तरी डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये. एरवी हिंडते-फिरते राहणे आणि नियमित व्यायाम यांना पुराव्याचा आधार अधिक आहे, आणि खर्चही कमी.

हा विषय वर्गातही नेता येईल. विद्यार्थ्यांना सकाळी उठल्याबरोबर आणि रात्री झोपण्यापूर्वी उंची मोजायला सांगा. सकाळची उंची सुमारे एक सेंटिमीटर जास्त भरेल, कारण झोपेत गाद्या पाणी शोषून फुगतात. मग एखाद्या उपचाराची जाहिरात वाचायला देऊन तीन प्रश्न विचारा. मोजले ते काय? तुलना कोणाशी केली? उपचार न घेता काय झाले असते? हे तीन प्रश्न ज्याच्या अंगवळणी पडले, तो केवळ कंबरदुखीच्याच नव्हे, तर कोणत्याही जाहिरातीसमोर सहजासहजी वाकणार नाही.