पेटीची खबर कोण घेणार?

दहा संगणकांऐवजी एकाच बलदंड सर्व्हरवर दहा आभासी संगणक चालवण्याची पद्धत आता सर्वत्र रुळली आहे. सर्व्हरची साधने या दहांत वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायजर म्हणतात. या तंत्राचे गुणगान पुष्कळ झाले आहे. आम्हाला मात्र त्यातील एका उणिवेकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे.

आभासी संगणक दहा असले तरी पंखे, वीजपुरवठा आणि डिस्क खऱ्याच असतात. त्यांच्यावर देखरेख कोण करते? मदरबोर्डवर यासाठी एक छोटा स्वतंत्र नियंत्रक असतो. सर्व्हर बंद असला तरी वीज जोडलेली असेपर्यंत तो जागा राहतो. परंतु डिस्क, नेटवर्क कार्ड यांची काही माहिती अनेक सर्व्हरांत हायपरव्हायजरच्या आत बसवलेल्या, यंत्र-उत्पादकाने दिलेल्या प्रोग्रॅमकडून मिळते. खरी अडचण इथेच सुरू होते. राखणदार ज्या घरात राहतो ते घर दुसऱ्याचे, आणि घरमालक घराची रचना वारंवार बदलतो!

व्हीएमवेअरचे उदाहरण पाहू. तिच्या जुन्या ईएसएक्स या हायपरव्हायजरमध्ये लिनक्सवर आधारित एक कक्ष होता आणि उत्पादक आपले देखरेखीचे प्रोग्रॅम तिथे बसवत. 2011 मध्ये आलेल्या व्हीस्फिअर 5 मध्ये फक्त ईएसएक्सआय उरले आणि तो कक्ष गेला. आटोपशीर, म्हणून अधिक सुरक्षित, असा हा बदल योग्यच होता. पण जुने प्रोग्रॅम निरुपयोगी ठरले. 2020 मध्ये व्हीस्फिअर 7 ने लिनक्स धाटणीच्या जुन्या ड्रायव्हरांचा आधार काढला. ज्या कार्डांसाठी नवे ड्रायव्हर नव्हते, ती धडधाकट असूनही ओळखली जाईनाशी झाली.

यावर उत्पादकांचे उत्तर म्हणजे सुसंगततेची यादी. ती उपयुक्त आहे, पण ती कशी वाचावी हे कळले पाहिजे. ‘अमुक सर्व्हर चालतो’ एवढे वाचून भागत नाही. फर्मवेअर, ड्रायव्हर, देखरेखीचा प्रोग्रॅम आणि हायपरव्हायजर या चारही गोष्टींच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळाव्या लागतात. एक बदलली की बाकीच्या तीन पुन्हा तपासायला हव्यात.

समान भाषा ठरवण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. इंटेल, एचपी, एनईसी आणि डेल यांनी 1998 मध्ये आयपीएमआय हे मानक आणले; 2015 मध्ये डीएमटीएफ या संस्थेने रेडफिश हे नवे मानक दिले. मात्र रेडफिशमध्ये प्रत्येक कंपनीला स्वतःची भर घालण्याची मुभा आहे. व्याकरण एक झाले, पण बोली निरनिराळ्याच राहिल्या.

न जुळल्याने काय बिघडते? समजा, रेड-5 पद्धतीने जोडलेल्या डिस्कपैकी एक निकामी झाली. काम चालूच राहते; हाच त्या पद्धतीचा गुण आणि हाच तिचा धोका. कुलूपबंद खोलीत तांबडा दिवा लुकलुकत असतो. हायपरव्हायजरची आवृत्ती बदलल्यावर देखरेखीचा प्रोग्रॅम मुका झालेला असेल, तर निरोप कोणालाच जात नाही. मग दुसरी डिस्क गेली, की त्यांवर साठवलेले दहाही आभासी संगणक एकदम जातात.

म्हणून आमचा मुख्य आक्षेप सांगतो. ‘बिघाडाची सूचना नाही’ याचा अर्थ या व्यवस्थेत ‘बिघाड नाही’ असा धरला जातो. हे तर्काला धरून नाही. उपाय साधा आहे. सर्व्हरला दोन वीजपुरवठे असतील, तर प्रत्येक बदलानंतर, दोन्ही नीट चालू असल्याची खात्री करून, एकाची वायर मुद्दाम काढावी आणि सूचना येते का ते पाहावे. कोणत्याही यादीपेक्षा हा प्रयोग अधिक बोलका आहे.

घंटा झाली नाही म्हणजे तास संपला नाही, असे मुलांनी मानले तर चालेल. शिक्षकाने मात्र घंटा देणारा शिपाई आज आला आहे ना, हे आधी पाहावे.